पोचा

चाळीस वर्षं पोचे काढतोय मी तांबट आळीत.
विहिरीच्या कठड्यावर आपटलेला हंडा,
टेम्पोतून पडलेला बंब,
वाटणीच्या भांडणात भिरकावलेलं घंगाळ,
सगळ्यांना उपाय एकच:
आतून खरवई लावायची,
बाहेरून मोगरी.
तांबं आठवणीचं पक्कं असतं.
थोडं तापवलं, थोडं विनवलं, की पुन्हा गोल होतं.

मंदार द्वारकेच्या पुलाखाली पडला तेव्हा
हेल्मेट त्याच्या कोपराला लटकलेलं होतं.
त्यावर ओरखडासुद्धा नाही.
अजून खुंटीला आहे.

त्याच्या डोक्यालाही पोचा नव्हता.
मी हात फिरवून बघितला,
माझ्या बोटांना सुईच्या टोकाएवढा कळतो.
डॉक्टर पगार म्हणाले, काका, बाहेरून नाही दिसायचं.
डब्यातून खरवस नेताना गाडीला गचका बसला,
तर डबा शाबूत असतो
आणि खरवस कडेला फाटलेला.
डावीकडे लागलंय. शब्द राहतात ती बाजू.

मग सूज.
रात्रभर काचेपलीकडे एक आकडा वर सरकत होता,
आणि मला दुसरं माप येत नाही:
पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला.
कमरेला.
छातीला.
गोदेला निदान काठ सोडता येतो,
सराफ बाजारात शिरता येतं,
भांडी बाजारातल्या दुकानांच्या पायऱ्या चढता येतात.
कवटीला घाट नसतो.
पहाटे चारला त्यांनी हाडाचा तुकडा उचलून बाजूला ठेवला,
फुगलेल्याला जागा दिली.
मारुतीची दोन्ही तोंडं कोरडी राहिली.

घरी आला तो शब्दांची अदलाबदल घेऊन.
पाण्याला चावी. पोळीला मंगळवार.
वैदेहीला, बायकोला, नुसताच हात पुढे.
पण आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत,
सत्तावीसचा पाढा घडाघडा,
आणि आडव्या आलेल्या रिक्षावाल्याला शिवी इतकी ताजी
की वैदेही रडता रडता हसली.
गांगुर्डे मॅडम सांगतात, पाठ झालेलं वेगळ्या कप्प्यात असतं,
तिथवर पाणी गेलं नाही.
त्या चित्रांचे पत्ते मांडतात: आंबा, कंगवा, छत्री.
तो छत्रीकडे बघत राहतो,
लग्नात भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा,
नाव आता येईल, आता येईल.

मी मॅडमना विचारलं, आतून हात घालता येत नाही का?
म्हणजे तसं नव्हतं म्हणायचं मला.
त्या म्हणाल्या, रोज तेच ते करत राहायचं, काका.
मेंदू दुसरी वाट पाडतो. सावकाश.
आणि पाडेलच असं नाही.
एवढं समजलं मला. मठारकाम म्हणजे तरी काय,
एका ठोक्याला चिकटून दुसरा,
मधे जागा सोडायची नाही,
हात भरून आला तरी जोर तोच.

काल त्याला दुकानात बसवलं.
पिंपळगावचं गिऱ्हाईक, जुनी कळशी,
कल्हई करून द्या म्हणाला.
मी भट्टी फुंकत होतो.
मंदारने कळशी मांडीवर घेतली,
नखाने वाजवली. थांबला.
गळ्यापाशी पुन्हा वाजवली.
"बद्द," म्हणाला.
मी भाता सोडला नाही. वळूनही बघितलं नाही.
"बद्द वाजतेय."

उजेडात धरली. गळ्याखाली केसाएवढी चीर,
माझ्या नजरेतून सुटलेली.

गिऱ्हाईकाला काय सांगितलं, आठवत नाही.
मंदार घामाने निथळत होता,
जणू तो एक शब्द आडगावहून पायी आणलाय.
मग माझ्याकडे बघून म्हणाला, चावी.
मी उठलो, माठातून चावी काढली,
गडू काठोकाठ.
त्याने गटागटा प्यायली.